पान सत्त्याण्णव

बाइंडरनं एकतीस वर्षांत चाळीस हजारांच्या वर पुस्तकं बांधली होती आणि त्यातलं एकही वाचलं नव्हतं. ही गोष्ट तो लपवत तर नसेच, उलट कुणी विचारलं नाही तरी सांगत असे. "शिंपी काय प्रत्येक सदरा स्वतःच्या अंगात घालून बघतो?" हे त्याचं ठरलेलं वाक्य होतं. ते म्हणून झालं की वाद मिटला असं समजून तो पुन्हा कामाला लागे.

वाचनालयाच्या मागच्या बाजूला, जिन्याखाली त्याची खोली होती. लांब टेबल, खळीचं भांडं, पुठ्ठ्यांची चळत, दोऱ्याची रिळं, दाभण, आणि पुस्तकं दाबून ठेवायला पिळाचा एक लाकडी दाब. वाचकांच्या हातून खिळखिळी होऊन आलेली पुस्तकं तो आधी पूर्ण उसवायचा. पुस्तक म्हणजे शेवटी सोळा-सोळा पानांचे फर्मे. ते सुटे करायचे, फाटलेल्या घड्यांना पातळ कागद लावायचा, क्रमानं रचायचे, पुन्हा शिवायचे आणि वर नवा पुठ्ठा चढवायचा. फर्म्याच्या पहिल्या पानावर तळाशी एक बारीक आकडा असतो. बाइंडर तेवढाच बघायचा. आत राजा मेला की राणी पळाली, त्याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. आकडा मात्र एकतीस वर्षांत एकदाही चुकला नव्हता, आणि याचा त्याला भलता अभिमान होता.

घरी तो आणि सासूबाई, दोघंच. बायको आजारी पडली तेव्हा सासूबाई महिनाभरासाठी म्हणून आल्या. महिना संपला, आणखी चार गेले, मग बायको गेली. त्यानंतर सासूबाईंना जा म्हणावं असं त्याच्या मनात कधी आलं नाही, आणि राहा म्हणावं हे त्याला सुचलं नाही. दोन वर्षं तशीच निघून गेली. बोलणं व्हायचं ते दूध संपलं, दिवा गेला, दाराची कडी ढिली झाली एवढंच. जी गेली तिचं नाव दोघांपैकी कुणीही काढत नसे. तिचं कपाट आतल्या खोलीत बंद होतं आणि दोघंही त्याच्यासमोरून जाताना उगीच घाईत असल्यासारखे जात.

सासूबाईंना पुस्तकांचा नाद लागला तो बाइंडरमुळेच, म्हणजे त्याच्या विसरभोळेपणामुळे. एकदा तो डबा घरी विसरला, म्हणून त्या तो घेऊन वाचनालयात आल्या. बाइंडरचे दोन्ही हात खळीत होते, तेव्हा ग्रंथपालबाईंनी त्यांना बसायला खुर्ची दिली आणि वेळ जावा म्हणून समोर पडलेलं एक पुस्तक हातात दिलं. ते नेमकं उडत्या बेटांचं आणि बोलणाऱ्या लांडग्यांचं निघालं. तासाभरानं बाइंडर हात पुसत बाहेर आला तर बाई पुस्तकात बुडालेल्या. "चला," तो म्हणाला. "थांबा जरा," सासूबाई मान वर न करता म्हणाल्या, "लांडगा काहीतरी खोटं बोलतोय."

तेव्हापासून चौऱ्याहत्तर वर्षांच्या या बाईंनी जादूगार, राक्षस आणि शापित राजकन्या यांचा सपाटाच लावला. बाइंडरला ते बालिश वाटे. पोरांनी वाचायच्या गोष्टी. पण संध्याकाळी कामावरून आल्यावर घरात कुणीतरी पान उलटल्याचा आवाज येतो, हे त्याला आवडायचं. हे त्यानं अर्थातच कुणाला सांगितलं नव्हतं. तुमचं तोंडही पक्कं शिवलेलं आहे, असं बायको त्याला म्हणायची, आणि ते तो कौतुक समजायचा.

मग सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदूच होता, काही मोठं नाही, पण डॉक्टरांनी पंधरा दिवस वाचन बंद सांगितलं. त्या वेळी त्यांचं धुक्यातल्या शहराचं पुस्तक चाललं होतं. तीन खंडांचा तो पसारा, आणि सासूबाई पहिल्या खंडाच्या ऐन मध्यात. एका लोहारानं वाढवलेली मुलगी आपली खरी आई शोधायला निघते, ती धुक्यात शिरणार, आणि इकडे यांच्या डोळ्यावर पट्टी. सासूबाईंनी एक दिवस कसाबसा काढला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चहा झाल्यावर त्यांनी पुस्तक बाइंडरच्या पुढ्यात सरकवलं.

"वाचा."

"मी?"

"दुसरं कोण आहे घरात?"

तो वाचू लागला. कसा वाचू लागला म्हणाल तर सरकारी नोटीस वाचावी तसा. राक्षसाचा पाडाव झाला आणि त्यानं पुढच्या वाक्यावर तशीच सपाट उडी मारली तेव्हा सासूबाईंनी त्याला थांबवलं. "जावईबापू, एवढा मोठा राक्षस मेला. तुम्ही पाणी कधी येणार ते वाचून दाखवताय का?"

बाइंडर वरमला. मग त्यानं तोच परिच्छेद पुन्हा, जरा जीव ओतून वाचला. चौथ्या दिवशी तो याही गोष्टीतल्या लांडग्यासाठी वेगळा आवाज काढू लागला होता आणि पहिला खंड संपला तेव्हा "एवढ्यातच?" असं त्याच्याच तोंडून निघून गेलं. सासूबाई पट्टीच्या आडून गालात हसल्या.

याच दिवसांत सासूबाईंच्या मुलाचा फोन आला. मुलगा दुसऱ्या शहरात राहायचा. सासूबाईंना बारीक आवाज ऐकू येत नसे, म्हणून फोन नेहमी मोठ्या आवाजावर असायचा, आणि स्वयंपाकघरात कप विसळत असलेल्या बाइंडरला सगळं ऐकू आलं. "आई, मोठी जागा घेतलीय, तुझी खोली तयार आहे. ताई होती तोवर ठीक होतं. आता तिथं तू कशाला राहायचं? पुढच्या रविवारी गाडी घेऊन येतो."

"बघू," सासूबाई म्हणाल्या.

बाइंडरनं तोच कप तीन वेळा विसळला. त्यांनी राहावं असं त्याला फार वाटत होतं. पण म्हणणार कोणत्या तोंडानं? मुलगा पोटचा. आपण मुलीचे नवरे, आणि मुलगीच उरली नाही. आपला हक्क तो काय, असं म्हणत तो नऊ दिवस स्वतःशी वाद घालत राहिला आणि रोज हरत राहिला.

सोमवारी दुसरा खंड त्याच्या टेबलावर आला, तोही पार चिंध्या झालेला. सासूबाई वाट बघत होत्या, म्हणून त्यानं तो आधी हातात घेतला. त्याच्यासोबत आणखी एक पुस्तक आलं होतं, कुणा बाईंनी लिहिलेल्या आपल्या घरच्या आठवणींचं. दोन्ही एकाच प्रकाशकाची, एकाच मापाची, एकाच पिवळट कागदाची. बाइंडरनं दोन्ही उसवली, फर्मे नीट केले, दोन चळती रचल्या. मग दोन्ही बरोबरीनं शिवायला घेतली, आधी आठवणींचा एक फर्मा, मग धुक्याचा एक. इथवर ठीक होतं. पण मग एकतीस वर्षांत केलं नव्हतं ते त्यानं केलं. शिवायला घेतलेला धुक्याचा फर्मा त्यानं आधी वाचला. लोहाराच्या मुलीचं पुढं काय झालं एवढंच बघू म्हणून. पहिला वाचून शिवला, दुसरा वाचून शिवला, आणि सहाव्या फर्म्याच्या शेवटच्या पानावर, म्हणजे पान शहाण्णववर, मुलगी धुक्यातल्या शहराच्या बंद दारापाशी उभी असतानाच ग्रंथपालबाई दार ढकलून आत आल्या.

"काय, वाचताय?"

"छे, छे! आकडा बघतोय," बाइंडर म्हणाला. शाळेत कॉपी करताना सापडलेल्या पोराइतका लाल होऊन त्यानं सहावा फर्मा दोऱ्यात ओवला, घाईघाईनं समोरची चळत पुढे ओढली आणि खाली मान घालून शिवत सुटला. आकडे बरोबर होते. सहानंतर सात, सातानंतर आठ. फक्त चळत दुसऱ्या पुस्तकाची होती. धुक्याचे उरलेले फर्मे त्यानं आठवणींच्या पुस्तकात शिवले, दोन्हींवर पुठ्ठे चढवले आणि दाबाखाली ठेवून तो घरी गेला.

मंगळवारी आठवणींचं पुस्तक वाचनालयाच्या फळीवर गेलं आणि धुक्याचा दुसरा खंड घरी आला. पहिली शहाण्णव पानं बाइंडरला ठाऊक होती, पण तसं न दाखवता तो वाचायला बसला. हे त्याला फारसं जमलं नाही. "जावईबापू, झाडामागं कुत्रा आहे हे तुम्हांला पान उलटायच्या आधीच कसं कळलं?" सासूबाईंनी विचारलं. "अंदाज," तो म्हणाला आणि त्याला ठसका लागला.

गुरुवारी संध्याकाळी दोघं त्या दारापाशी पोचले. आत काय आहे हे जाणून घ्यायला बाइंडरच जास्त अधीर झाला होता. त्यानं वाचलं, "तिनं दोन्ही हातांनी दार ढकललं. ते करकरत उघडलं, आणि आत" आणि पान उलटून तसाच पुढे गेला, "माझ्या बहिणीचे कपडे अजून तसेच टांगलेले होते. हिरवा कोट, बटण तुटलेला स्वेटर. आई रोज दार उघडून बघायची आणि लावून घ्यायची. सात महिने झाले होते. आम्ही जेवताना तिचं नाव घेत नव्हतो."

बाइंडरची नजर आपसूक पानाच्या तळाशी गेली. आकडा सात होता. पण वर धुकं नव्हतं, लोहार नव्हता, लांडगा नव्हता.  एकतीस वर्षं, चाळीस हजार पुस्तकं, आणि हे! पण चूक केल्याचा धक्का ओसरायच्या आतच त्याला दुसरी गोष्ट उमगली. आपण आत्ता मोठ्यानं काय वाचून दाखवलं ते.

"थांबलात का?" सासूबाई म्हणाल्या.

"घसा."

"पाणी प्या. आणि पुढं वाचा."

तो पाणी प्यायला. चूक झाली म्हणून सांगायला हवं होतं. पण सासूबाईंनी हात मांडीवर एकात एक धरले होते आणि त्या इतक्या स्तब्ध बसल्या होत्या की त्याला पुस्तक मिटवेना. तो वाचत राहिला. त्या घरातले वडील मुलीच्या सायकलला दर आठवड्याला तेल घालतात, चालवणारं कुणी नाही तरी. चौथी खुर्ची कुणी हलवत नाही. दुकानात कुणी सहज विचारलं की मुलं किती, तर आई अजूनही दोन सांगते, आणि लेखिका शेजारी गप्प उभी राहते, कारण एक म्हणायचं तिच्याही जिवावर येतं.

"मीसुद्धा दोनच सांगते," सासूबाई म्हणाल्या.

बाइंडरनं मान वर केली नाही. दोन वर्षांत या घरात त्याच्या बायकोविषयी बोललेलं हे पहिलं वाक्य होतं. त्याला काहीतरी म्हणायचं होतं. मला फॉर्मवर 'विधुर' लिहायला लावतात तेव्हा पेन उचलत नाही, असं काहीतरी. पण ते ओठांपर्यंत येऊन परत गेलं. "पुढं वाचू?" त्यानं विचारलं. त्यांनी मान हलवली. शुक्रवारीही तेच झालं. पुस्तकातली माणसं हळूहळू बोलू लागली होती आणि ही दोघं ती ऐकत बसली होती.

शनिवारी दुपारी ग्रंथपालबाई बाइंडरच्या खोलीत आल्या त्या हसू दाबत, तोंडावर हात धरून. वाचनालयाचे सभासद असलेल्या एका दातांच्या डॉक्टरांनी आठवणींचं पुस्तक परत केलं होतं. पान सत्त्याण्णवला लेखिकेच्या स्वयंपाकघरात तलवार घेतलेली मुलगी येते आणि आजोबांचा लांडगा होतो, हे त्यांना अजिबात खटकलं नव्हतं. उलट सुरुवातीला पुस्तक जरा रडकं होतं, आता कुठं रंग भरला, असं ते म्हणाले होते, आणि याचा पुढचा भाग आहे का म्हणून विचारत होते.

बाइंडरला हसू आलं नाही. जमीन दुभंगली असती तर तो खुशाल आत गेला असता. "सोमवारी दोन्ही पुस्तकं उसवून नीट करून द्या," ग्रंथपालबाई म्हणाल्या, आणि जाता जाता त्यांनी हळूच विचारलं, "आकडा बघत होता ना?"

संध्याकाळी त्यानं चहाबरोबरच कबुली देऊन टाकली. "ते पुस्तक चुकलंय. सत्त्याण्णव पानापासून ते दुसरंच आहे. माझ्या हातून शिवताना झालं."

"ठाऊक आहे," सासूबाई म्हणाल्या.

"कसं?"

"माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय जावईबापू, डोक्याचं नाही. धुक्यातल्या शहरात सायकल कुठून आली?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तुम्ही वाचायचं थांबवलं असतं." त्यांनी कप खाली ठेवला. "घरात तिच्याविषयी कुणीतरी बोलत होतं. पुस्तकातलं का होईना."

आता बोलायची वेळ होती. दगडालाही कळलं असतं. बाइंडरनं छाती भरून घेतली आणि विचारलं, "उद्या गाडी किती वाजता येणार?"

सासूबाईंनी रिकामा कप त्याच्याकडे सरकवला. मग म्हणाल्या, "दहाला. माळ्यावरची बॅग तेवढी काढून द्या."

त्यानं बॅग काढली. पुसली. पट्टा एका बाजूनं उसवलेला दिसला, म्हणून मेण लावलेला दोरा आणि दाभण घेऊन बसला आणि दुहेरी टाक्यांनी असा पक्का शिवला की बॅग फाटली असती पण पट्टा तुटला नसता. जिनं जाऊ नये म्हणून जीव तुटतो तिची बॅग असा माणूस अर्धा तास शिवत बसतो, याला काय म्हणावं? काम चांगलं झालं होतं, एवढंच.

रविवारी मुलगा दहाच्या आधीच आला. माणूस भला होता. आल्या आल्या आईचा डोळा बघितला, औषधांची चौकशी केली, बॅग उचलून दारापाशी नेली. सासूबाई चप्पल घालून उभ्या होत्या. बाइंडर भिंतीला टेकून उभा होता, त्याला हातांचं काय करावं ते कळत नव्हतं. मुलानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मनापासून म्हणाला, "भाऊजी, तुम्ही आईचं खूप केलंत. एवढं कुणी करत नाही. आता तुम्ही मोकळे."

"मला मोकळं व्हायचं नाही," बाइंडर म्हणाला.

तो इतक्या मोठ्यानं म्हणाला की तो स्वतःच दचकला. मुलानं हात काढून घेतला.

"म्हणजे?"

"म्हणजे..." बाइंडरला शब्द क्रमानं लावता येईनात. जे आधी सांगायचं ते मागं राहिलं आणि मागचं पुढं आलं. "सकाळी त्या नळ सोडतात. तो आवाज आला की मी उठतो. नाहीतर मी उठलोच नसतो, ती गेल्यावर. मी त्यांचं काही केलेलं नाही. त्या राहिल्या म्हणून मी... आणि तिला मी एकटाच ओळखत नाही ना. इथं आम्ही दोघं तिला ओळखतो. त्या गेल्या तर तिच्याविषयी बोलायचं कुणाशी? आम्ही बोलत नाही, ते खरं आहे. पण बोलणार होतो. मी बोलणार होतो." तो सासूबाईंकडे वळला. "तुम्ही जाऊ नका. मला कसला हक्क नाही हे मला कळतं. तरी जाऊ नका."

मुलगा गोंधळून आईकडे बघू लागला. "आई, तुला तरी काय पाहिजे ते सांग."

"मला कुणी विचारलंच कुठं?" सासूबाई म्हणाल्या. "तू म्हणालास न्यायला येतो. हे बसले पट्टा शिवत. राहा असं मला या घरात आज पहिल्यांदा कुणी म्हणालं."  त्यांनी भिंतीचा आधार घेतला आणि एक चप्पल काढली, मग दुसरी. "मी येईन रे तुझ्याकडे. नक्की येईन, तुझी नवी जागा बघायची आहे मला. आठवडाभर राहीन. आणि मग परत घरी येईन."

कुठल्या घरी ते त्यांना सांगावं लागलं नाही. मुलाला ते लागलं, हे त्याच्या तोंडावर दिसलं. बहीण त्याचीही होती. तो बॅगेकडे बघत उभा राहिला आणि त्याचे डोळे भरून आले. बाइंडर तर केव्हापासूनच सदऱ्याच्या बाहीला नाक पुसत होता.

"रडू नको रे असा," सासूबाई म्हणाल्या. "बस इथं माझ्याजवळ."

डोळ्यावर पट्टी बांधलेली, मान समोर. त्या नेमकं कुणाला म्हणाल्या ते दोघांनाही कळलं नाही, म्हणून दोघंही बसले.